उजेडात टिकणारे प्रेम

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, फूच्येन प्रांतात, श्यामेन नावाचे बंदर आहे. युरोपीय दर्यावर्दी त्याला 'अमॉय' म्हणत. मूळ शहर एका बेटावर वसलेले आहे. समोर कुलांग्यू हे चिमुकले बेट असून तेथे जायला अजूनही नावेतूनच जावे लागते. या शहराच्या काओची विमानतळावर उतरणाऱ्या गर्दीत व्यापारी असतात, विद्यार्थी असतात, सिंगापूर-मलेशियातून पूर्वजांच्या गावी येणारी चिनी कुटुंबे असतात. या गर्दीत अधूनमधून एखादा निराळाच प्रवासी दिसावा. वय चाळिशी-पन्नाशीचे, कपडे प्रवासाने चुरगळलेले, नजर मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांवर खिळलेली. ज्या स्त्रीला भेटण्यासाठी तो निम्मे जग ओलांडून आलेला असतो, तिला त्याने आजवर प्रत्यक्ष पाहिलेले नसते. वर्षभर रोज तास-दोन तास त्यांनी एकमेकांशी लिहून संभाषण केलेले असते. तेही बहुधा यंत्राने केलेल्या भाषांतराच्या आधाराने. तिच्या आईचे दुखणे त्याला ठाऊक असते, त्याच्या पहिल्या संसाराची कहाणी तिला ठाऊक असते. ठाऊक नसतो तो फक्त आवाजाचा खरा पोत, चालण्याची ढब आणि समोरासमोर बसल्यावर पडणारी शांतता.

अशा प्रवाशाची थट्टा करणे सोपे आहे. कार्यालयातले सहकारी ती करतातच, आणि घरची माणसे काळजी करतात. 'ओळख ना पाळख' म्हणून जग त्याला वेड्यात काढते. परंतु थट्टा आणि काळजी दोन्ही बाजूला ठेवून विचार केला, तर या प्रवासात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एका माणसाने दुसऱ्यासाठी एवढा पैसा, वेळ आणि अब्रू खर्ची घातली, तर त्या खर्चाने नेमके काय सिद्ध होते? आणि त्यातून त्याचा काही हक्क निर्माण होतो काय?

उजेड पडताच मरणारे

खुद्द चीनमध्ये हा विषय मुळीच नवा नाही. १९९४ साली चीन इंटरनेटच्या जागतिक जाळ्याशी जोडला गेला. १९९८ साली त्साय चिह-हंग या तैवानी लेखकाने अशाच न पाहिलेल्या प्रेमाची एक कादंबरी संगणकाच्या फलकावरच क्रमशः प्रसिद्ध केली. तैवानइतकीच ती मुख्य भूमीवरील तरुणांतही गाजली. त्या पिढीने या अनुभवासाठी स्वतःचे शब्द घडविले. अशा प्रेमाला ते 'वांग-ल्यान', म्हणजे जाळ्यावरचे प्रेम, म्हणतात. पडद्यावरचे नाते सोडून प्रत्यक्ष भेटीकडे धाव घेण्याला 'पन-श्यान' असा शब्द आहे. आणि भेट होताच जे प्रेम जागच्या जागी गतप्राण होते, त्याला 'च्येन-ग्वांग-स' म्हणतात. त्याचा अर्थ उजेड पाहताच मेलेले. आपल्याकडे 'दुरून डोंगर साजरे' म्हणून जे सांगितले जाते, तेच त्या चिनी शब्दाने अधिक कठोरपणे सांगितले आहे.

ज्या समाजाला आपल्या अनुभवासाठी इतके नेमके शब्द शोधावे लागले, त्या समाजात तो अनुभव अपवादाचा उरलेला नाही हे उघड आहे. परंतु दोघेही चिनी असतील, तर भेटीचा खर्च आगगाडीच्या तिकिटापुरता असतो. भाषा एक असते, मुलखाची माहिती असते, आणि फसगत झालीच तर दुसऱ्या दिवशी घरी परतता येते. एक जण परदेशी असेल तर सगळेच गणित बदलते.

न पाहिलेल्या मालाचा बाजार

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉर्ज अकेरलॉफ यांचे नाव परिचित असते. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधी गोष्ट दाखवून दिली. विकणाऱ्याला मोटारीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येकच मोटारीकडे संशयाने पाहतो आणि कमी किंमत देऊ करतो. परिणामी चांगल्या मोटारींचे मालक बाजारातून निघून जातात आणि खराब माल उरतो. त्यानंतर तीन वर्षांनी मायकेल स्पेन्स यांनी या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग मांडला. ज्याच्यापाशी खरोखर गुण आहे, त्याने अशी एखादी खर्चिक गोष्ट करून दाखवावी, की जी खोट्या माणसाला परवडणार नाही. अशी गोष्ट ही त्याच्या खरेपणाची खूण ठरते. या विचारांबद्दल दोघांनाही, जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर, २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या मनाला मोटारीची उपमा देणे कोणाला रुचणार नाही. तथापि विवाहाच्या बाबतीत माहितीची ही अडचण फार जुनी आहे आणि प्रत्येक समाजाने तिच्यावर आपापला उपाय शोधला आहे. महाराष्ट्रात स्थळ सांगून आले की मामा, आत्या, गावचे मास्तर, मुलाच्या कचेरीतला एखादा ओळखीचा कारकून अशा चार ठिकाणी चौकशी होते. त्या चौकशीत अन्याय पुष्कळ होतो, जातीची चौकट तर पक्कीच असते. परंतु खोटे बोलणाऱ्याला उद्या त्याच माणसांत तोंड दाखवावे लागते, हा त्या पद्धतीतला खरा धाक असतो. जाळ्यावरच्या प्रेमात हा धाक नाहीसा होतो. तेथे ना मामा, ना मास्तर. छायाचित्र वीस वर्षांपूर्वीचे असू शकते, नोकरी बोलण्यापुरती असू शकते, आणि घटस्फोट झालाच नसेल असेही असू शकते. शब्द लिहायला पैसे पडत नाहीत; म्हणूनच शब्दांची किंमत उतरते.

अशा वेळी विमानाचे तिकीट काढणे ही स्पेन्स यांनी सांगितलेली खूण ठरते. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असे दहा जणींना लिहिता येते. दहा शहरांना रजा काढून जाता येत नाही. प्रवासाचा खरा अर्थ हा आहे, आणि तेवढ्यापुरता तो सन्मानास पात्र आहे. श्यामेनच्या विमानतळावर उतरलेला माणूस निदान स्वतःबद्दल एक गोष्ट सिद्ध करून उतरलेला असतो.

पत्र लिहिणारा हात कोणाचा?

परंतु त्याने सिद्ध केले ते स्वतःपुरते. पलीकडे कोण आहे, हे त्याच्या तिकिटाने सिद्ध होत नाही.

या किनाऱ्याला दुसऱ्याच्या हातून लिहिलेल्या पत्रांची मोठी परंपरा आहे. पहिल्या अफूच्या युद्धानंतर १८४२ सालच्या नानकिंगच्या तहाने जी पाच बंदरे परकीयांना खुली करावी लागली, त्यांत अमॉय एक होते. त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून रवाना होत असे, हे आपण विसरता कामा नये. बंदर खुले झाल्यावर फूच्येन आणि ग्वांगतुंग प्रांतांतले लाखो पुरुष मजुरीसाठी आणि व्यापारासाठी मलाया, जावा, फिलिपीन्स या मुलखांत गेले. घरी राहिलेल्या बायकांना त्यांच्याकडून 'छ्याओफी' येत. छ्याओफी म्हणजे पत्र आणि मनिऑर्डर यांचे एकत्रित रूप होय. कागदावर चार ओळी खुशालीच्या, आणि बरोबर पैसे. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नसे, ती पत्र दुसऱ्याकडून वाचून घेई आणि उत्तरही दुसऱ्याकडून लिहवून घेई. २०१३ साली युनेस्कोने या पत्रसंग्रहाला जागतिक स्मृतींच्या नोंदपटात स्थान दिले. नवरा दर्यापार आणि प्रपंच कागदावर, असे संसार या किनाऱ्याने शेकड्यांनी पाहिलेले आहेत.

त्या पत्रांत मध्ये तिसरा माणूस असला, तरी दोन्ही टोकांना माणसे खरी होती आणि पाकिटात पैसे होते. आजच्या प्रेमपत्रांची अशी खात्री देता येत नाही. परदेशी व्यक्तींशी विवाह जुळवून देण्याचा धंदा करण्यास चीनच्या राज्य परिषदेने १९९४ सालीच मनाई केली होती. परंतु इंटरनेटच्या आडोशाने तो चालत राहिला. मोनिका लिऊ या समाजशास्त्रज्ञ विदुषीने चिनी शहरांतल्या अशा कचेऱ्यांत बसून अभ्यास केला आणि २०२२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथे येणाऱ्या स्त्रिया मुख्यतः मध्यमवयीन आणि घटस्फोटित होत्या. पुष्कळजणींना इंग्रजी येत नव्हते. पाश्चात्य पुरुषांना जाणारी गोड पत्रे कचेरीतले भाषांतरकारच लिहीत. पुरुष ज्या शब्दांच्या प्रेमात पडत, ते शब्द नोकरी करणाऱ्या एखाद्या तरुणीचे असत.

याहून काळी बाजू निराळीच आहे. चिनी भाषेत जिला 'शा-चू-फान' म्हणजे डुकराला खाऊ घालून मग कापण्याचा डाव म्हणतात, ती फसवणूक आज जगभर पसरली आहे. महिनोन्महिने प्रेमाचे संभाषण करावयाचे, विश्वास मिळवावयाचा, आणि मग गुंतवणुकीच्या नावाने सर्वस्व लुटावयाचे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या सुमारे ७०,००० तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसानीचा आकडा १३० कोटी डॉलरांवर गेला. अशा डावात भेटीची गोष्ट निघाली की पलीकडची प्रेयसी आजारी पडते, तिचा पासपोर्ट हरवतो, किंवा तिला अचानक कामासाठी परगावी जावे लागते. प्रत्यक्ष भेटायला तयार असणे हीच म्हणून खऱ्या माणसाची पहिली कसोटी ठरते.

आणि जो हात ही खोटी पत्रे लिहितो, तोही पुष्कळदा स्वतंत्र नसतो. म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना असल्या कामासाठी डांबून ठेवले असावे, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ साली प्रसिद्ध केला. नोकरीच्या आमिषाने तेथे गेलेल्यांत भारतीय तरुणही होते. मार्च २०२५ मध्ये सुटका झालेल्या अशा २८३ भारतीयांना हवाई दलाच्या विमानाने मायदेशी आणावे लागले. एखाद्या एकाकी माणसाला आलेले मायेचे पत्र आपल्याच देशातल्या एखाद्या पदवीधर मुलाने मार चुकविण्यासाठी लिहिलेले असू शकते, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

वाट पाहणारीचा खर्च

समजा, पलीकडची स्त्री खरी आहे. पत्रे तिचीच आहेत. ती विमानतळावर आली आहे. येथे प्रवाशाचा हिशेब संपतो असे त्याला वाटते. वस्तुतः दुसरा हिशेब येथून सुरू होतो.

त्याने केलेला खर्च डोळ्यांना दिसतो. तिकीट आहे, हॉटेलचे बिल आहे, पासपोर्टवर शिक्का आहे. तिने केलेला खर्च कोठेच लिहिलेला नसतो. परदेशी पाहुणा हॉटेलात न उतरता तिच्या घरी राहिला, तर चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यावर त्याची नोंद करावी लागते. १ जुलै २०१३ पासून अमलात आलेल्या कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणजे तिच्या खाजगी आयुष्यातली घटना एका दिवसात सरकारदरबारी नोंदली जाते. शेजारीपाजारी, कचेरीतले सहकारी, नातलग यांना उत्तरे तिलाच द्यावी लागतात. पाहुणा दोन आठवड्यांनी निघून जातो. उत्तरे मागे राहतात.

तिच्यावर समाजाचे दडपण आधीपासूनच असते. चीनमध्ये २०२० सालच्या शिरगणतीप्रमाणे पुरुष ७२.३३ कोटी आणि स्त्रिया ६८.८४ कोटी होत्या. सुमारे साडेतीन कोटी पुरुष अधिक. एक अपत्याचे धोरण, मुलाचा हव्यास आणि गर्भलिंगनिदान यांचा तो परिणाम होय, आणि मुलींची संख्या घटल्याची खंत ज्या महाराष्ट्रात करावी लागली, तेथे याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अशा देशात प्रत्येक स्त्रीला वर सहज मिळत असेल असे वाटेल. पण घडले ते उलटच. शिकलेली, मिळवती, सत्ताविशी ओलांडलेली अविवाहित मुलगी 'शंग-न्यू', म्हणजे उरलेली बाई, ठरविली गेली. २००७ साली हा शब्द चिनी शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत समाविष्ट केला. उरले ते वस्तुतः खेड्यातले गरीब पुरुष. शिक्का मात्र शहरातल्या शिकलेल्या स्त्रीच्या कपाळी बसला. घटस्फोटित आणि मूल असलेल्या स्त्रीची स्थिती तर याहून कठीण. अशा स्त्रीने दर्यापार नजर टाकली, तर त्यात लोभच शोधणे अन्यायाचे आहे.

त्यातच ती बहुधा एकुलती एक मुलगी असते. आईवडिलांचे म्हातारपण तिच्या एकटीच्या माथ्यावर असते. 'माझ्याबरोबर चल' हे त्याचे वाक्य तिच्या कानी 'त्यांना सोडून चल' असे पडते. या गोष्टीचे भाषांतर कोणत्याही यंत्राला करता येत नाही.

प्रवासाचे स्वातंत्र्यही दोघांना सारखे नाही. चीनने डिसेंबर २०२४ मध्ये नियम सैल केल्यापासून अमेरिकी नागरिकाला तिसऱ्या देशात जाता जाता श्यामेनसारख्या शहरात व्हिसाशिवाय २४० तास थांबता येते. श्यामेनच्या स्त्रीला अमेरिका पाहावयाची असेल, तर तिला मुलाखत द्यावी लागते आणि आपण परत येणार आहोत हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. प्रियकर प्रेयसीच्या दारी जातो, हे काव्यात शोभून दिसते. येथे त्यामागे पासपोर्टांची असमान पत आहे. ती आली नाही याचा अर्थ तिला यावयाचे नव्हते असा होत नाही.

बदललेले पारडे

जुन्या पिढीतल्या पाश्चात्य पुरुषाच्या मनात चिनी किनाऱ्याचे एक चित्र असे. गरीब देश, आज्ञाधारक स्त्री आणि परदेशी नवऱ्याची अपूर्वाई. १९८० साली श्यामेन हे चीनच्या पहिल्या चार विशेष आर्थिक क्षेत्रांपैकी एक म्हणून जाहीर झाले, त्या वेळी चीनचे दरडोई उत्पन्न २०० डॉलरांच्या आसपास, म्हणजे भारतापेक्षाही कमी होते. आज ते सुमारे १३,००० डॉलरांवर गेले आहे, आणि किनाऱ्यावरची शहरे देशाच्या सरासरीहून पुष्कळच पुढे आहेत. श्यामेनमध्ये घर घेणे ही आता चिनी मध्यमवर्गालाही धाप लावणारी गोष्ट आहे. ज्या स्त्रीपाशी स्वतःचे घर आहे, पगार आहे, ती परदेशी पाहुण्याकडे तारणहार म्हणून कशाला पाहील? आर्थिक स्थैर्य बेताचे असलेल्या पाश्चात्य पुरुषांना नकार देणाऱ्या स्त्रिया मोनिका लिऊ यांना भेटल्या, यात नवल नाही.

विवाहाकडे पाठ फिरविणेही आता शक्य झाले आहे. २०१३ साली चीनमध्ये १ कोटी ३४ लाखांहून अधिक विवाह नोंदले गेले होते. २०२४ साली हा आकडा ६१ लाखांवर आला. अकरा वर्षांत निम्म्याहून अधिक घट. यात तरुणांची घटलेली संख्या हे एक कारण आहे. परंतु लग्नाची घाई उरलेली नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा विमानतळावर फुले घेऊन उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावयास हवे, की समोरची स्त्री गरजेपोटी तेथे उभी असेलच असे नाही. ती निवड करण्यासाठी आली आहे. त्या निवडीत नकाराचा पर्याय आहे.

खूण आणि कर्ज

मूळ प्रश्नाचे उत्तर येथे येऊन मिळते. प्रवास करण्यापूर्वी त्याचा खर्च ही खरेपणाची खूण असते. प्रवास झाल्यावर अर्थशास्त्राच्या भाषेत तो 'बुडीत खर्च' होतो. पुढचा निर्णय घेताना त्याचा विचार करावयाचा नसतो. कोरडी निघालेली विहीर केवळ आजवर खणली म्हणून आणखी खणू नये, हा धडा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पाठ करतो. आयुष्यात मात्र शहाणी माणसेही तो विसरतात. 'मी एवढ्या लांबून आलो' हे वाक्य प्रथम प्रेमाचा पुरावा म्हणून उच्चारले जाते. दोन दिवसांनी, मने जुळत नाहीत असे दिसू लागले, की तेच वाक्य तक्रार होते. आणि चौथ्या दिवशी ती मागणी बनते. पहिल्या दिवशी त्याने जे भेट म्हणून आणले, ते तिच्या नावे कर्ज म्हणून मांडले जाते.

हे कर्ज तिने काढलेले नसते. तो आला तो स्वतःच्या आशेने. त्याच्या आशेचा मान राखणे, त्याच्याशी खरे बोलणे, सौजन्याने वागणे हे तिचे कर्तव्य खचितच आहे. विवाहाला होकार देणे हे कर्तव्य नव्हे. उलट तिनेही त्याच्या प्रवासाच्या दडपणाखाली होकार देऊ नये. कारण संकोचाने दिलेल्या होकाराची किंमत दोघांनाही पुढे हप्त्याहप्त्याने भरावी लागते.

या बाबतीत पाश्चात्य देशांचे कायदे अर्ध्या वाटेपर्यंतच येतात. भावी पत्नीला अमेरिकेत नेण्यासाठी जो खास व्हिसा आहे, त्यासाठी अर्ज करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे एकदा तरी समक्ष भेटलेले असले पाहिजेत, अशी अट आहे. ती अमेरिकेत पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत विवाह व्हावा लागतो. विवाह जुळविणाऱ्या मध्यस्थ संस्थांनी पुरुषाची गुन्ह्यांची माहिती स्त्रीला दिलीच पाहिजे, असा कायदाही अमेरिकेने केला आहे. ब्रिटनमध्येही समक्ष भेटीची अट आहेच. शिवाय एप्रिल २०२४ पासून वार्षिक २९,००० पौंड उत्पन्नाची अट पडली. म्हणजे प्रवास ही केवळ प्रेमिकांची हौस राहिलेली नसून तो सरकारी पुरावा झाला आहे. तिकिटे, छायाचित्रे, हॉटेलच्या पावत्या फाइलला लागतात. भेट झाली की नाही, हे कायद्याला पाहता येते. भेटीत काय झाले, हे त्याला दिसत नाही.

२०१६ सालच्या उन्हाळ्यात एका डच प्रवाशाची गोष्ट वृत्तपत्रांतून गाजली. किनाऱ्यापासून दूर, हूनान प्रांतातल्या चांगशा शहराच्या विमानतळावर तो आपल्या जाळ्यावरच्या प्रेयसीची वाट पाहत दहा दिवस बसून राहिला आणि अखेर त्याला रुग्णालयात हलवावे लागले. जगाने त्याची कीव केली, थोडी थट्टाही केली. त्या स्त्रीने नंतर सांगितले, की तो खरोखर येईल असे तिला वाटलेच नव्हते. त्याने पाठविलेले तिकिटाचे छायाचित्र तिला चेष्टा वाटली होती. दोघांपैकी कोणी दुष्ट होते असे म्हणता येणार नाही. एकाने शब्द खरे मानले, दुसरीने ते शब्दच मानले. 'मी येऊ का?' या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर हाती येण्यापूर्वी निघालेला प्रवास किती निष्ठेने केला तरी एकतर्फीच राहतो.

आधी परिचय

चीनला गेलेल्या एका मराठी माणसाची आठवण या संदर्भात अपरिहार्य आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते प्रेमासाठी गेले नव्हते. जपानी आक्रमणात घायाळ झालेल्यांच्या शुश्रूषेसाठी गेले होते. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. क्वो छिंग-लान ही त्यांच्याच वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकविणारी सहकारी होती. १९४१ साली दोघांचा विवाह झाला. मुलाचे नाव त्यांनी 'यिन-ह्वा' ठेवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस गेले. त्यांच्या पत्नीने त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षे काढली, भारताच्या अनेक वाऱ्या केल्या, आणि २०१२ साली ताल्येन या चीनच्या ईशान्य किनाऱ्यावरील बंदरशहरात देह ठेवला.

कोटणिसांची गोष्ट सर्वांना जमण्याजोगी नाही, आणि युद्धकाळाचे माप आजच्या एकाकी कारकुनाला लावणेही योग्य नव्हे. परंतु त्या विवाहातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे भाषा आधी आली, एकत्र केलेले काम आधी आले, एकमेकांना थकलेले, चिडलेले, घाबरलेले पाहणे आधी आले. लग्न त्यानंतर आले. जाळ्यावरच्या प्रेमात हा क्रम उलटा होतो. कबुली आधी, ओळख नंतर. क्रम उलटा झाला म्हणून प्रेम खोटे ठरत नाही. मात्र जे आधी व्हावयाचे ते राहून गेलेले असते, आणि पहिल्या भेटीचे काम ते भरून काढण्याचे असते.

म्हणून श्यामेनला निघालेल्या प्रवाशाला कोणी हसू नये आणि अडवूही नये. त्याने अवश्य जावे. न भेटता वर्षानुवर्षे पडद्याकडे पाहत राहण्यापेक्षा भेटून निराश होणे अधिक प्रामाणिक आहे. मात्र जाण्यापूर्वी त्याने तिला स्पष्ट विचारावे आणि तिचे स्पष्ट उत्तर घ्यावे. परतीचे तिकीट काढून जावे. पहिल्या मुक्कामी हॉटेलात उतरावे, म्हणजे तिचे घर तिचेच राहील. तिच्या भाषेतली पन्नास वाक्ये शिकून जावे, म्हणजे तिच्या आईशी बोलताना मध्ये यंत्र धरावे लागणार नाही. आणि आपण किती लांबून आलो, हे तिला एकदाही ऐकवू नये.

समोरच्या कुलांग्यूला जाणारी नाव दिवसभर ये-जा करीत असते. त्या नावेत शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांना बोलण्यासारखे काही सुचले, तर उजेडाने त्यांच्या प्रेमाचा घात केला नाही असे समजावे. न सुचले, तर दोघांनीही एकमेकांचे आभार मानून आपापल्या घरी परत जावे. त्यात कोणाचेच देणे राहत नाही.